परदेशात येऊन पाच महिने झाले, मुलगा शाळेत बोलतच नाही

खिडकीपाशी:
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पाच महिन्यांपूर्वी परदेशात आलो, मी माझी नोकरी सोडून आले, सोबत दोन मुलं, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ६ चा. घर मिळालं, बँकेचं काम झालं, शाळेचे प्रवेश झाले, म्हणजे कागदावर बघाल तर सगळं मार्गी लागलंय. पण मुलगा शाळेत एक अक्षर बोलत नाही. घरी आला की टकळी सुरू, बहिणीशी भांडण, खेळण्यांशी गप्पा, सगळं पहिल्यासारखं, आणि सकाळी फाटकापाशी माझा हात सोडला की जे ओठ मिटतो ते घरी परत येईपर्यंत.

गेल्या महिन्यात त्याच्या बाईंनी मला बोलावलं. मला अजून इथली भाषा नीट येत नाही त्यामुळे निम्मंच कळलं, पण सांगणं असं होतं की घरीही शाळेचीच भाषा बोला म्हणजे लवकर शिकेल. त्या दिवसापासून मी त्याच्याशी मोडकंतोडकं तसं बोलायला लागले, तर आता तो घरीही कमी बोलायला लागलाय. काल म्हणाला, आई तू नीट बोल ना. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मुलीचं वेगळंच. तिला भाषा पटकन आली म्हणून दवाखाना, बँक, घरमालक, सगळीकडे आम्ही तिलाच पुढे करतो. पण घरी आली की खोलीचं दार बंद, जुन्या मैत्रिणींशी रात्री उशिरापर्यंत फोन, आणि मी काही बोलले की "मला विचारलं होतं का तुम्ही इकडे यायच्या आधी" हे ठरलेलं.

माझं म्हणाल तर पहिले दोन महिने मी खूप उत्साहात होते, सगळं नवीन, सगळं बघायचंय. आता सगळे बाहेर पडले की नुसती बसून राहते. मुलाशी कुठल्या भाषेत बोलू, त्याला कुणाला दाखवू की थांबू, आणि आम्ही चूक तर केली नाही ना, एवढंच विचारायचंय.

पायवाट:
बाई बरोबर सांगतायत. आम्ही आल्या दिवसापासून घरात नवीच भाषा बोललो, दोन्ही मुलं तीन-चार महिन्यांत फाडफाड बोलायला लागली. सुरुवातीला जड जातं पण मागे हटू नका.

शाळाबाई:
पायवाट, तुमचा अनुभव तुमच्यापुरता खरा असेल पण इथे मी स्पष्ट विरोध करणार आहे, कारण मी १४ वर्षं अशाच नव्याने आलेल्या मुलांना भाषा शिकवतेय.

खिडकीपाशी, आजपासून मुलाशी मराठीत बोलायला लागा. तुमची जी भाषा पक्की आहे त्यात तुम्ही त्याला रागावू शकता, गोष्ट सांगू शकता, हे असं का होतं ते समजावू शकता. मोडक्या भाषेत फक्त "चल, जेव, झोप" एवढंच उरतं, आणि मुलाला आई हरवल्यासारखी वाटते. तो तुम्हाला नेमकं तेच सांगत होता. दोन भाषा ऐकून मूल गोंधळतं ही समजूत अजून बऱ्याच शाळांतही आहे पण ती खरी नाही. उलट वाचणं म्हणजे काय, गोष्टीला सुरुवात-शेवट असतो, कारण आणि परिणाम म्हणजे काय, हे एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत ते परत पहिल्यापासून शिकावं लागत नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हे खूप मांडलंय. १९७९ मध्ये त्यांनी आणखी एक फरक दाखवला, मैदानावर बोलायची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. पहिली साधारण २ वर्षांत येते, दुसऱ्या भाषेत अभ्यासात बरोबरीच्या मुलांना गाठायला मात्र ५ ते ७ वर्षं लागू शकतात. त्यामुळे चार महिन्यांत फाडफाड बोलणारं मूल बघून सगळे निश्चिंत होतात आणि पुढे पाचवी-सहावीत गणिताचं शाब्दिक उदाहरण अडलं की मूल आळशी आहे म्हणतात, हे मी किती वेळा पाहिलंय.

आता त्याची शांतता. नव्या भाषेत पडलेली बरीच लहान मुलं आधी काही काळ गप्पच असतात, आम्ही त्याला सायलेंट पिरियड म्हणतो. काही आठवडे, काही महिने, एखाद्याला त्याहून जास्त. तो रिकामा नसतो, मूल ऐकत असतं, कुठला आवाज कुठे येतो ते जुळवत असतं. तुम्ही एवढं बघा, बाईंनी सांगितलेलं त्याला कळतं का, दुसऱ्या मुलांचं बघून रांगेत उभा राहतो का, हातवारे करतो का, खेळात घुसतो का, घरी एकटा खेळताना तिकडचे शब्द पुटपुटतो का. हे असेल तर गाडी रुळावर आहे.

पण सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाचा एक त्रास असतो, तो चिंतेचा आजार आहे, हट्ट नव्हे. त्यात मूल शाळेत बऱ्याचदा अगदी गोठल्यासारखं होतं, चेहराही हलत नाही, तहान लागली किंवा बाथरूमला जायचं तरी काही मुलं खुणेनेसुद्धा सांगत नाहीत, आणि मुख्य म्हणजे मूल आपल्या भाषेतही घराबाहेर सहसा बोलत नाही. म्हणून सगळ्यात सोपी तपासणी ही की घराबाहेर, दुसऱ्या कुणा मराठी माणसासमोर, तो मराठीत बोलतो का? तिथेही गप्प राहत असेल तर थांबू नका, मुलांच्या मानसतज्ज्ञाला किंवा स्पीच थेरपिस्टला दाखवा, आणि कानही एकदा तपासून घ्याच. आणि शाळेला सांगून ठेवा की सगळ्यांसमोर त्याला "बोल, बोल" करू नका. शेजारी बसून हातातल्या खेळाबद्दल कुणी नुसतं बोलत राहिलं, उत्तराची वाट न बघता, तरी खूप होतं.

अबोली:
मी मुलीबद्दल लिहिते. मी १२ वर्षांची असताना आम्ही असेच गेलो होतो आणि घरात भाषा येणारी मीच. एकदा आईबरोबर दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी आईच्या पोटात गाठ आहे असं सांगितलं आणि ते आईला मराठीत मी सांगितलं. पुढे ती साधी गाठ निघाली, पण ते रिपोर्ट येईपर्यंतचे दहा दिवस मी रात्री जागी असायचे, मी एखादा शब्द चुकीचा सांगितला असेल का म्हणून. आईला मी हे खूप वर्षांनी बोलले.

प्लीज तिला दवाखान्यात आणि पैशाच्या कामात दुभाषी बनवू नका. बऱ्याच ठिकाणी मोठे दवाखाने फोनवर दुभाषा जोडून देतात, आधी मागावा लागतो, विचारून बघा. शाळेच्या मीटिंगलाही मागा, म्हणजे निम्मंच कळलं असं होणार नाही. घरमालकाला ईमेल पाठवा, भाषांतर मोबाईलवर करून. दुकानात तिने एखादा शब्द सांगितला तर काही बिघडत नाही, मला आठवतंय त्याचा मला अभिमानही वाटायचा.

आणि फोन एकदम बंद करू नका. तुमच्या दृष्टीने ती इथे आलीय, तिच्या दृष्टीने तिच्या मैत्रिणींचं आयुष्य तिच्याशिवाय पुढे चाललंय, कुणी मेलेलं नाही त्यामुळे रडायचीही सोय नाही. वेळ ठरवा, रात्रीच्या ऐवजी सुट्टीच्या दिवशी लांबलचक बोलू दे. आणि "विचारलं होतं का" म्हणाली की कारणं देऊ नका. नाही विचारलं, विचारायला हवं होतं, एवढं म्हणा. माझ्या बाबांनी ते म्हटलं असतं तर मला खूप हलकं वाटलं असतं.

दोन टोकं:
अबोलीला +१. माझी बाजू उलटी, बायकोची बदली झाली आणि नोकरी सोडून मी मागून आलो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जे झालं ते तुमच्यासारखंच, दुपारी दोनपर्यंत त्याच कपड्यात बसलेलो असायचो. कल्चर शॉक हा शब्द आपण कसाही वापरतो पण कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात जे लिहिलंय ते वाचून मला धीर आला. तो म्हणतो ही अस्वस्थता येते कारण रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या हजार खुणा एकदम जातात, भेटल्यावर काय म्हणायचं, कधी हो म्हणायचं कधी नाही, समोरचा खरंच बोलावतोय की तोंडदेखलं. आणि सुरुवातीचा उत्साह काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही ओसरू शकतो असंही त्याने लिहून ठेवलंय. सगळ्यांचं याच क्रमाने होतं असं नाही, नंतरच्या अभ्यासकांनी ते दाखवलंय, काहींना पहिल्याच आठवड्यात जड जातं. पण तुमचं काही वेगळं चाललंय असं समजू नका.

मला कशाने फरक पडला तर आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जायचं, भाषेचा वर्ग, आणि तिथे मी कुणाचा नवरा किंवा कुणाचा बाबा नव्हतो. परत जायचं का हा प्रश्न वर्षभर पुढे ढकला, तारीख लिहून ठेवा हवं तर, नाहीतर रोज सकाळी तोच एक प्रश्न घेऊन उठाल. आणि दोन आठवडे झोप-भूक-रडणं असंच राहिलं तर डॉक्टरकडे जा, यात लाजण्यासारखं काही नाही, मी गेलो होतो.

पायवाट:
शाळाबाई, कालपासून विचार करतेय. माझी मुलं आता १५ आणि १७ ची. त्यांना मराठी कळतं पण बोलत नाहीत. माझी आई फोनवर त्यांना काहीतरी विचारते, ती हो-नाही म्हणतात आणि फोन माझ्याकडे देतात. हे मी वर लिहायला हवं होतं. खिडकीपाशी, माझा सल्ला घेऊ नका.

शाळाबाई:
पायवाट, कळतंय ना, मग पाया आहे. आईला सांगा रोज पाच मिनिटं गोष्ट सांगू दे, उत्तर मागायचं नाही.

खिडकीपाशी:
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार, रात्री उठून परत परत वाचलंय. घरी मराठी सुरू केलं आणि दोन दिवसांत त्याची टकळी परत आली. कान तपासले, नीट आहेत. बागेत एक मराठी आजी भेटल्या, त्यांच्याशी तो दहा मिनिटं किड्यांबद्दल बोलला, मी मुद्दाम लांब उभी राहिले. शाळेच्या मीटिंगला दुभाषा मागितला, आला, आणि तेव्हा कळलं की बाई वाईट नव्हत्या, त्यांनाही काळजीच होती. मुलीला मी म्हटलं, नाही विचारलं तुला. ती काही बोलली नाही, पण रात्री दार अर्धं उघडं होतं.

आणि काल बाईंनी सांगितलं, चित्र रंगवताना तो शेजारच्या मुलाच्या कानात "निळा" म्हणाला, इथल्या भाषेत. शाळाबाई, मी घरी त्याला यावर काही बोलू का? शाबासकी देऊ?

शाळाबाई:
काही बोलू नका. तुम्हाला माहीत आहे हेसुद्धा त्याला कळू देऊ नका. निळा खडू संपत आला असेल तर नवीन आणून ठेवा.