सरकारीत सिव्हिल की खासगीत कॉम्प्युटर?

कृष्णाकाठ
भाचीला सीईटीच्या पर्सेंटाइलवर सरकारी कॉलेजात सिव्हिल किंवा पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल. घरचे सगळे कॉम्प्युटरच्या मागे लागलेत. माझं मत, तिने सिव्हिलच घ्यावं. फिजिक्समध्ये ती रमते, कोडिंग नको म्हणते. आजची पॅकेजं बघून ब्रँच ठरवायची, पण ती नोकरीला लागणार चार वर्षांनी! 2008 च्या मंदीत ऑफर लेटर घेऊन जॉइनिंगची वाट बघणारी मुलं आपण विसरलो का?

साईटवाला
मी सिव्हिलवरच पोट भरतो, म्हणून सांगतो ताई, घाई करू नका. सुरुवातीचा पगार तुटपुंजा. स्लॅब असला की रात्री उशिरापर्यंत साईटवर. काँक्रीट घट्ट वाटलं की मिस्त्री त्यात पाणी ओततो, आपण अडवलं तर ठेकेदार थेट साहेबांना फोन लावतो. 28 दिवसांनी त्या काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, म्हणजे क्यूब, ताकदीत फेल झाले की जाब मात्र इंजिनिअरला. मुलींसाठी कित्येक साईटवर धड स्वच्छतागृहसुद्धा नसतं. ह्याबद्दल घरात कुणी बोललंय का तिच्याशी?

कृष्णाकाठ
स्वच्छतागृहाचं पटलं, ते बोलायलाच हवं. पण सिव्हिल म्हणजे फक्त साईट नाही. स्ट्रक्चरल डिझाइन आहे, पाणीपुरवठा आहे, कनिष्ठ अभियंत्याच्या जागा निघतात, गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन पुढे शिकता येतं.

साईटवाला
जागा निघतात, पण जाहिरात कधी येणार आणि निकाल कधी लागणार? माझ्या बॅचची मुलं त्यातच तिशीला पोचली. कॉम्प्युटरवाल्याला निदान नोकरी बदलता येते.

चाकरमानी
आयटी सर्व्हिस कंपन्या कुठल्याही ब्रँचची मुलं घेतात, तेवढ्यासाठी कॉम्प्युटरचा अट्टाहास नको. पण स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अनेक प्रॉडक्ट कंपन्या कॅम्पसला फक्त कॉम्प्युटर-आयटीलाच बसू देतात, तो दरवाजा सिव्हिलला बंद राहतो. तरी कोडिंग नको म्हणणाऱ्या मुलीला तिकडे ढकलू नका. चार वर्षं डेटा स्ट्रक्चर्ससारख्या कोडिंगच्या विषयांचे बॅकलॉग काढत बसेल.

हिशेबनीस
फीमुळे खासगी नको म्हणत असाल तर थांबा. 2024 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसीतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी कॉलेजातही. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.

साईटवाला
आणि कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी तिला एखाद्या साईटवर दिवसभर उभी करा. संध्याकाळीही सिव्हिलच म्हणाली, तर मी गप्प बसेन.