प्रेसमड, राख, मळीचं पाणी: फुकट मिळतंय म्हणून रानात टाकायचं का?

मोहोळचा शेतकरी: साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, ट्रॉल्या गावोगाव फिरू लागतात. आता त्यांच्यामागे डिस्टिलरीचं (मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याचं) पाणी आणि औष्णिक केंद्राची राखही 'खत' म्हणून येतेय. प्रेसमड कुजवून जरूर वापरा. पण तपासणी अहवाल दाखवल्याशिवाय कारखान्याचा कुठलाच माल बांधावर उतरू देऊ नका. शिसं, कॅडमियम असे जड धातू एकदा मातीत गेले की ते काढायचा उपाय आपल्या हातात नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. विकतच्या खताला नियम आणि फुकटच्याला मोकळीक, हे मला पटत नाही.

माळशिरसचा ऊसवाला: दादा, अहवालाचे पैसे कोण देणार? ट्रॅक्टर आले, बैल गेले, गोठ्यात एखादी म्हैस उरली. शेणखत आणायचं कुठून? उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के प्रेसमड निघतो. त्यात सेंद्रिय कर्ब आहे, स्फुरद (फॉस्फरस) आहे, कॅल्शियम आहे. आपल्याच उसातून निघालेला माल आपल्याच रानात परत जातोय. अशा अटी घातल्या तर लहान शेतकऱ्याला तेवढंही मिळायचं नाही.

मोहोळचा शेतकरी: नुसत्या प्रेसमडला माझा विरोध नाहीच. त्यात काय मिसळलंय ते कळलं पाहिजे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना दहा-बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे तेच मळीचं सांडपाणी, निघतो. तो प्रेसमडवर फवारून, ढीग वरखाली करत दोन-अडीच महिने नीट कुजवला तर चांगलं खत होतं, पालाशही (पोटॅश) मिळतं. घाईत उचललेल्या ढिगात मात्र क्षार तसेच राहतात. आपली भारी काळी जमीन, निचरा कमी. उजनी धरणाच्या पाण्यावर आधीच किती रानं क्षार साचून चोपण झालीत ते बघा.

सांगोल्याचा डाळिंबवाला: राखेबद्दल मी ठाम आहे. आमच्या चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या वर. बहुतेक राख अल्कधर्मी. आम्लधारी जमिनीत ती चालेलही. इथं लोह, जस्त आधीच झाडाला लागत नाही, पानं पिवळी पडतात, त्यात राख कशाला? कोळशाची राख विटांना जाऊ द्या. आम्ही मेंढ्या बसवतो. लेंडीखताला तोड नाही.

बार्शीकर: शेण-लेंडी म्हटलं की कुणी तपासायचं नाव काढत नाही, हेही चूकच. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे कच्च्या शेणखतात अंडी घालतात. तण येतं ते वेगळंच. कोंबडीखत कच्चं टाकून मुळ्या जळालेली रानं मी पाहिलीत. नियम लावायचा तर सगळ्यालाच लावा.

मोहोळचा शेतकरी: कुजवण्याच्या बाबतीत मान्य. पण कच्चं शेणखत एखादा हंगाम बिघडवतं. जड धातू नातवंडांच्या वाट्याला जातात. दोन्ही एका तराजूत घालू नका. आणि खर्च शेतकऱ्यावर नकोच. सहकारी कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत विषय मांडावा, प्रत्येक ढिगाचा अहवाल गेटवर लागला पाहिजे.

माळशिरसचा ऊसवाला: आमचा ऊस खासगी कारखान्याला जातो. तिथं आम्ही सभासद नाही, सभाही नाही. आम्ही कुणाकडं मागायचं?

मोहोळचा शेतकरी: मग गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून एकाच ढिगातून माल उचला आणि एकच नमुना प्रयोगशाळेत द्या. खर्च वाटला जाईल. अहवाल येईपर्यंत ट्रॉली रानाबाहेरच थांबवा.

माळशिरसचा ऊसवाला: नमुना देऊ. पण अहवाल यायच्या आत लागणीचा वाफसा, म्हणजे मातीतली योग्य ओल, गेला, तर मी थांबणार नाही.