शेअर कोणाकडे आहेत ते दिसलं, पण कर्ज कोणाचं आहे ते कुठे बघायचं?

मिरजकर:
नमस्कार. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या डिमॅटमधलं सगळं माझ्या नावावर व्हायला आठ महिने लागले. त्यात एकाच कंपनीचे 600 शेअर आणि 40 एनसीडी (शेअरमध्ये न बदलणारे डिबेंचर, म्हणजे कंपनीला दिलेल्या कर्जाचे रोखे) आहेत. मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. एनएसईच्या साइटवरून शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर याचा तक्ता, काढला. प्रवर्तक (कंपनी उभारणारे, चालवणारे) निम्म्याहून थोडे जास्त, बाकी 'पब्लिक'. हे पब्लिक म्हणजे नेमकं कोण? आणि ताळेबंदात 'बॉरोइंग्ज' (घेतलेली कर्जं) अशी एक ओळ आणि पुढे कोटींचा आकडा. हे पैसे दिलेत कोणी? मुलगा म्हणतो, विकून मोकळी हो. विकायचं की ठेवायचं ते माझं मी बघेन. आधी या कंपनीत माझ्याबरोबर कोण कोण बसलंय ते मला कळायला हवं.

जुना कर्जविभाग:
ताई, बँकेच्या कर्जविभागात माझी 31 वर्षं गेली, बहुतेक कोल्हापूर आणि इचलकरंजीत. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शेअर. हा तक्ता तिमाही संपल्यावर 21 दिवसांत द्यावाच लागतो. 'पब्लिक' म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच लोक असं समजू नका. म्युच्युअल फंड, एलआयसी, परदेशी गुंतवणूकदार, सगळे त्यातच येतात. ज्याच्याकडे 1 टक्का किंवा जास्त आहे त्याचं नाव छापतात, त्याखालचे सगळे बिननावाचे. 'दोन लाखांपर्यंतचे' असा एक रकाना दिसेल. ते दोन लाख दर्शनी किमतीचे (शेअरची कागदोपत्री मूळ किंमत), बाजारभावाचे नव्हेत. दहा रुपये दर्शनी किंमत असेल तर 20,000 शेअरवालाही तिथे छोटाच.

प्रवर्तकांत एखादी कंपनी किंवा ट्रस्ट दिसला तर तिथेच थांबू नका. टीसीएसचे सुमारे 72 टक्के टाटा सन्सकडे, आणि टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के टाटा ट्रस्ट्सकडे. म्हणजे मालक शोधायला दोन जिने चढावे लागतात. उलट लार्सन अँड टुब्रोत प्रवर्तक हा रकानाच शून्य आहे, तिथे एलआयसी आणि कर्मचाऱ्यांचा ट्रस्ट हे मोठे भागधारक.

त्याच तक्त्यात प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत तेही असतं. 2009 च्या जानेवारीत सत्यम कंपनीचा हिशोबातला घोटाळा फुटला, त्यानंतर शेअर बाजाराची नियामक सेबी हिने ही माहिती सक्तीची केली. तो रकाना मी स्वतः एका कंपनीच्या बाबतीत तीन तिमाह्या वाचला नाही. भाव पडला, सावकारांनी तारण विकायला काढलं आणि माझी निम्मी रक्कम गेली. म्हणून हा रकाना आधी बघा.

आता कर्ज, म्हणजे माझा विषय. याचा एकच तक्ता कुठेही मिळत नाही, तुकडे जुळवावे लागतात. शेतजमीन घेताना आपण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा बघतो ना, तसाच कंपनीचा बोजा केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर 'इंडेक्स ऑफ चार्जेस'मध्ये दिसतो. लॉगिन करा, कंपनीचं नाव टाका. कोणत्या बँकेचा, किती रकमेचा, कधी चढला, कधी उतरला, सगळं आहे. शंभर रुपये भरले की दाखल केलेले मूळ कागदही उघडतात. त्यात मशिनरी, जमीन, येणी, काय काय बांधलंय ते ओळीने वाचा. आम्ही मंजुरीआधी हे वाचल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नव्हतो. एका कारखान्याची जी लूम्स आमच्याकडे तारण येणार होती, तीच आधी दुसऱ्या संस्थेकडे बांधलेली होती, आणि ते याच कागदात सापडलं.

पण बिनतारणी कर्ज आणि कमर्शियल पेपर (थोड्या मुदतीचे बिनतारणी रोखे) इथे दिसणार नाहीत. त्यासाठी कंपनीची पत ठरवणाऱ्या रेटिंग एजन्सीचा अहवाल काढा, फुकट मिळतो. शेवटच्या परिशिष्टात बँकवार रकमा आणि रोखे बहुतेक वेळा दिलेले असतात.

पुणे 30:
एक भर घालतो. रोखे कोणी घेतलेत ते म्युच्युअल फंडांच्या मासिक पोर्टफोलिओत शोधता येतं. डिमॅट स्टेटमेंटमधला आयएसआयएन, म्हणजे प्रत्येक शेअर-रोख्याचा ओळख क्रमांक बघा, बारा स्थानांपैकी आठवं-नववं. शेअरला तिथे 01 असतं, तारणी डिबेंचरला बहुधा 07, कमर्शियल पेपरला 14. तोच क्रमांक फंडाच्या एक्सेल फाइलमध्ये टाकून शोधायचा.

पण एवढा खटाटोप कशाला? कंपनी चालली की शेअर आणि रोखे दोन्ही चालतात.

जुना कर्जविभाग:
चालली तर. घरकर्ज देणारी डीएचएफएल दिवाळखोरीतून 2021 मध्ये पिरामल समूहाकडे गेली तेव्हा शेअरधारकांच्या हातात शून्य पडलं, शेअर बाजारातून उतरवले गेले. कर्ज देणाऱ्यांना निदान काही भाग मिळाला, आणि तोही पैसे परत मिळण्याच्या रांगेतल्या जागेप्रमाणे. ताईंकडे शेअरही आहेत आणि एनसीडीही, म्हणजे त्या एकाच रांगेत दोन ठिकाणी उभ्या आहेत. पुढे कोण आहे ते त्यांना कळलंच पाहिजे.

ताई, अजून एक. कंपनी कायद्याच्या कलम 94 प्रमाणे भागधारकाला सभासदांची आणि डिबेंचरधारकांची नोंदवही कामाच्या वेळेत विनाशुल्क पाहता येते. प्रत हवी असेल तर पानाला जास्तीत जास्त दहा रुपये. पत्ते, पॅन दाखवत नाहीत, नावं दिसतात.

मिरजकर:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री अकरापर्यंत बसले होते. बोजे तीन निघाले. एक 2019 ला उतरलाय, दोन उभे आहेत, दोन्ही बँकांचे, आणि त्यातल्या एकात कारखान्याची जमीन धरून सगळी स्थावर मालमत्ता आलीय. प्रवर्तकांचं तारण शून्य आहे, तिथे जीव भांड्यात पडला.

माझ्या एनसीडीच्या आयएसआयएनमध्ये मात्र 08 आहे. कपाटातून यजमानांनी ठेवलेलं माहितीपत्रक काढलं, पहिल्याच पानावर 'अनसिक्युअर्ड', म्हणजे बिनतारणी. त्यांनी त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी विचार करूनच घेतले होते. हे मला दोन वर्षांनी कळलं.

नोंदवही बघण्यासाठी कंपनी सेक्रेटरींना आज स्पीड पोस्टाने पत्र टाकलं. नोंदणीकृत कार्यालय पुण्यात आहे, मुलगा बरोबर येतो म्हणालाय.