गॅल्व्हनाइज्ड बोल्टवर नट चढत नाही, डाय मारू का?

खाजणकाठ:
हर्णैला घर आहे, समुद्र अगदी समोर. छतावरच्या सोलर स्ट्रक्चरला चकचकीत नट-बोल्ट लावलेले, दोन पावसाळ्यांत लालभडक झाले, पाना लावला की नुसता भुगा पडतो. म्हणून या वेळी चिपळूणहून हॉट डिपवाले (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेले) एम१० बोल्ट आणले, ते राखाडी खरबरीत असतात ना ते, नट मात्र घरात नवे पडलेले होते तेच वापरतोय तर दोन आटे जाऊन अडकतायत. फिटर म्हणतो बोल्टवर डाय (आटे कापायचं हत्यार) फिरवतो, पाच मिनिटांचं काम. करू देऊ?

जुना_फिटर:
अजिबात नको!! डाय फिरवली की आट्यांवरचं झिंकच निघून जाणार, मग जास्त पैसे मोजले कशाला. तुमच्याकडचे नट साध्या प्लेटिंगचे, त्यावर थर असतो ५ ते १० मायक्रॉन, बोल्टवरचा हॉट डिपचा ४०-५० च्या घरात, मग चढेल कसा? हॉट डिपचे नट वेगळे येतात, त्यांना आतून टॅप मारून आटे जरा मोठे केलेले असतात. आत झिंक दिसणार नाही, घाबरू नका, आवळल्यावर बोल्टवरचं झिंक नटाचे आटेपण सांभाळतं.

मालवणी_खाज:
एवढ्या जवळ समुद्र असेल तर सरळ स्टेनलेसचे, एसएस ३१६ लावा की. ३०४ नको, आमच्याकडे त्यावर तांबूस डाग आले वर्षभरात. आणि एसएसचा नट कोरडाच नट आवळायच्या गनने मारू नका, मधेच असा जॅम होतो की ना पुढे ना मागे, मी चार बोल्ट कटरने कापलेत 😭 अँटी-सीझ (आटे जॅम होऊ न देणारं वंगण) लावायचं आणि हातपान्याने सावकाश.

जुना_फिटर:
बरोबर, फक्त वंगण लावलं की जोर कमी लावायचा, तेवढ्याच टॉर्कला (पिळाच्या जोराला) बोल्टवर ताण जास्त येतो. जीआय (झिंक चढवलेल्या लोखंडाच्या) अँगलला एसएस बोल्ट चालून जातो, खाऱ्या हवेत मधे नायलॉनचा वायसर टाका. पण एसएसच्या मोठ्या पत्र्याला जीआय बोल्ट कधीच नको, आधी बोल्टच खाल्ला जातो. आणि पाना घसरून कुठे खरवडलं तर झिंक रिच पेंट लगेच, चांदीसारखा दिसणारा साधा रंग नव्हे.

खाजणकाठ:
दुकानात फोन केला, नट वेगळ्या गोणीत होते म्हणे, "तुम्ही मागितलेच नाहीत"! उद्याच्या एसटीने पार्सल येतंय. फिटर तोंड पाडून बसलाय, चहा दिलाय त्याला.