टी५ काढून एलईडी लावतोय, कोरलना सवय कशी लावू?

जर्सीकर: नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत घरी चार फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोरलचा टँक आहे. आजवर टी५ ट्यूब होत्या, येत्या शनिवारी त्या काढून एलईडी बसवणार आहे. टँकमध्ये कोरल अशी: टॉर्च, हॅमर, तळाशी मशरूम आणि वरच्या दगडावर लहानशी अ‍ॅक्रोपोरा. टॉर्चवर माझा फार जीव आहे. एलईडी ४० टक्क्यांवर ठेवला तर चालेल का? डोळ्यांना तरी तो ट्यूबपेक्षा मंदच वाटतो.

खारंपाणी: डोळ्यांवर अजिबात विसंबू नका. निळा उजेड आपल्याला मंद दिसतो, पण कोरलच्या पेशींतलं शेवाळ नेमका तोच शोषतं. उजेड एकदम वाढला की शेवाळाला तो पेलत नाही, ऑक्सिजनचे घातक रेणू साठतात आणि कोरल ते शेवाळच बाहेर टाकतं. मग आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो.

टक्क्यांवरूनही काही कळत नाही, प्रत्येक दिव्याची ताकद वेगळी. पार मीटर मिळवा, म्हणजे कोरलमधल्या शेवाळाला वापरता येणारा उजेड (पार) मोजणारं यंत्र. तुमच्याकडे रीफ क्लब आणि काही दुकानं भाड्याने देतात. ट्यूब उतरवण्याआधी प्रत्येक कोरलजवळचं माप लिहून ठेवा, कारण नंतर ते कधीच मिळणार नाही! नवा दिवा त्याच मापावर किंवा थोडा खालीच सुरू करा, मग दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा. टॉर्च-हॅमरला १०० ते १५० पार पुरतो, मशरूमला ५० सुद्धा. अ‍ॅक्रोपोराला २५०-३०० हवा म्हणून टॉर्चला तिच्यामागे फरपटवू नका, त्याला खाली, आडोशाला ठेवा.

रत्नाकर_टँक: मीटर मिळेपर्यंत खिडकीची डासांची जाळी टँकवर दोन-तीन पदरी टाका, आठवड्याला एकेक पदर काढा. आणि केएच (पाण्याची अल्कलिनिटी, सांगाडा बांधायला कोरल तीच वापरतं) जास्त वेळा तपासा. उजेड वाढला की सांगाडा भराभर वाढतो आणि केएच घसरतो.

जर्सीकर: खूप आभार. मीटरसाठी क्लबला आजच विचारतो. उजेड जास्त होतोय हे आधी कशावरून कळेल?

खारंपाणी: टॉर्च दिवे लागल्यावरही आखडून बसली, रंग फिका पडू लागला की लगेच मागच्या पायरीवर या आणि तिथेच दोन आठवडे थांबा. फिकी पडलेली टॉर्च मेलेली नसते. मांस शाबूत असेल तर मंद उजेडात ठेवून बारीक मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव) भरवा, रंग हळूहळू परततो. मांस सांगाड्यावरून सुटत असेल तर मात्र कारण उजेडाबाहेरही शोधा, आधी पाणी तपासा.