लाँग टेल कीवर्ड : शेपूट कशाचं आणि लांब काय?

सायकल दुरुस्तीची माहिती देणारी माझी एक छोटी वेबसाइट आहे. लोक सर्च करून तिथपर्यंत कसे पोचतात यावर साध्या मराठीत लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात 'लाँग टेल कीवर्ड'पाशी अडकलेय. कीवर्डला 'शोधशब्द' चालून जातो, पण पुढचं काही जमेना. लांबलचक कीवर्ड, दीर्घ शोधशब्द, लांब शेपटीचे शोधशब्द, विशिष्ट शोधवाक्यं असं सगळं लिहून खोडून झालं. सध्या 'दीर्घ शोधशब्द'वर थांबलेय कारण असे शोध लांबच असतात ना, म्हणजे नुसतं 'सायकल' नाही तर 'गिअर बदलताना सायकलची चेन पडते' असं. आणि जाता जाता 'नीश'ला (niche, म्हणजे मोजक्या लोकांपुरता खास विषय) काय म्हणता तुम्ही लोक तेही सांगा.

प्रतिसाद

'दीर्घ' नको, प्लीज. हा गैरसमज इंग्रजीतसुद्धा इतका पसरलाय की मराठीत तरी तो शब्दातच पक्का करून ठेवू नये असं मला फार वाटतं.

टेल म्हणजे शेपूट हे बरोबर, पण ते शेपूट वाक्याचं नाहीये, आलेखाचं आहे. क्रिस अँडरसन यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये 'वायर्ड' मासिकात लेख लिहिला तिथून हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी बसला, आणि तो लेख सर्चबद्दल नव्हताच, ऑनलाइन विक्रीबद्दल होता. दुकानाच्या फळीवर जागा मोजकी, म्हणून तिथे खपणाराच माल ठेवतात, ऑनलाइन दुकानाला फळीची अडचण नाही, त्यामुळे क्वचित खपणाऱ्या लाखो वस्तूही ठेवता येतात आणि एकेक करून किरकोळ वाटणारा तो खप एकत्र केला की मोठा होतो. सगळ्या वस्तू जास्त खपापासून कमी खपाकडे ओळीनं मांडून प्रत्येकीचा खप कागदावर काढून बघा, डावीकडे उंच डोकं, मग एकदम उतार, आणि पुढे उजवीकडे जमिनीलगत सरपटत गेलेली, संपता न संपणारी रेघ. ते शेपूट.

सर्चमध्ये हेच आणलं तर डोक्याकडे थोडेसे शब्द, प्रत्येक शब्द अफाट लोक टाकतात. शेपटाकडे असंख्य शोध, प्रत्येक शोध दोन-चार जणांचा. म्हणजे लांबी आहे ती शोधांच्या रांगेची. 'वजन कमी कसं करायचं' हे चार शब्दांचं आहे पण ते बसतं डोक्यातच, आणि एखाद्या जुन्या पार्टचा नुसता नंबर हा एकच शब्द असला तरी शेपटाच्या टोकाला. शेपटातले शोध बहुतेक वेळा लांब निघतात हे खरं, कारण माणूस जितकं बारकाव्यानं सांगेल तितकं तेच शब्द त्याच क्रमानं टाकणारं दुसरं कुणी सापडणं अवघड. पण लांबी हा परिणाम झाला, व्याख्या नाही.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. गूगलनं वेळोवेळी सांगितलंय की रोजच्या शोधांपैकी साधारण १५ टक्के शोध त्यांनी त्याआधी कधीच पाहिलेले नसतात. त्यामुळे आधी यादी बनवायची आणि एकेका ओळीला एकेक पान लिहायचं हे गणित मुळात बसतच नाही, यादीच पुरी होणार नाही.

आता नीश. हा फ्रेंचमधून आलेला शब्द, आणि त्याचा एक जुना अर्थ भिंतीत मूर्ती वगैरे ठेवायला केलेली पोकळी, म्हणजे चक्क आपला कोनाडा. पण मराठीत कोनाड्यात पडलेली वस्तू म्हणजे दुर्लक्षित, विसरलेली वस्तू, आणि नीशमध्ये तर उलट नेमकी, बेतून केलेली जागा असा भाव आहे, म्हणून 'कोनाड्यातले शोधशब्द' म्हटलं की अर्थ फिरतो. देवळी त्या मानानं जवळची, त्या आकाराची, त्या एका दिव्यासाठीची जागा. पण लेखात 'देवळीतले शोध' वाचून किती जणांना कळेल शंकाच आहे. मी सरळ 'नेमका' वापरतो. नेमका विषय, नेमका शोध, नेमका वाचक. बोलतानाही आपण 'नेमकं काय हवंय तुम्हाला' असंच विचारतो की.

प्रतिसाद

'नेमका शोध' आवडला, पण तो आणि 'शेपटातला शोध' एकच नाहीत हां. पहिला शोधाचा स्वभाव सांगतो, दुसरा तो किती वेळा होतो ते. आकडेवारी समजावताना शेपूट लागणारच, लिखाण कसं करावं हे सांगताना 'नेमका' पुरे. एका इंग्रजी शब्दाला मराठीत एकच शब्द हवा असा हट्ट कशाला?

मूळ प्रश्नकर्ती

खूप छान, माझ्या डोक्यातला गुंता सुटतोय. 'नेमका' म्हणजे किती नेमका ते माझ्याच साइटवर घडलेलं सांगते.

माझं एक पान होतं, 'साखळी निसटण्याची कारणे व उपाय'. मराठी शुद्ध, माहिती बरोबर, आणि सर्चमधून येणारे बोटावर मोजण्याइतके. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांना शोधांची माहिती दाखवणारं गूगलचं साधन) लोक काय टाइप करून माझी साइट बघतायत ते पाहायला लागले तर साखळी कुठेच नाही, निसटणं तर नाहीच नाही. लोक म्हणतात चेन, आणि चेन पडते किंवा उतरते. बरं, पुढे बघितलं तर त्यातही दोन प्रकार, 'चेन आतल्या बाजूला पडते' आणि 'चेन बाहेर पडते'. आता सायकलवाल्यांना माहितीये की मागच्या गिअरला ही दोन वेगळी दुखणी आहेत. चेन आत स्पोककडे जाऊन पडत असेल तर 'एल' स्क्रू (चेन आत किती जाऊ द्यायची ते ठरवणारा) बघायचा किंवा हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर लटकतो तो तुकडा, वाकलाय का ते बघायचं, आणि बाहेर फ्रेमच्या बाजूला पडत असेल तर 'एच' स्क्रू, बाहेरची हद्द ठरवणारा. म्हणजे 'आत' या एवढ्याशा शब्दात माणसानं अर्धं निदान स्वतःच सांगून टाकलेलं असतं, आणि मी मात्र दोघांनाही तेच सरसकट पान वाचायला लावत होते.

मग पानाचे दोन भाग केले, मथळ्यात लोकांचेच शब्द घेतले, आधी उत्तर आणि मग स्पष्टीकरण असा क्रम लावला. गर्दी उसळली वगैरे काही नाही, पण जे येतात ते शेवटपर्यंत वाचतात आणि 'स्क्रू किती फिरवू' असं पुढचं विचारतात. तर मला ट्रॅफिकलाही शब्द हवाय, कारण 'रहदारी' म्हटलं की हॉर्नच ऐकू येतात.

प्रतिसाद

ट्रॅफिकला 'वर्दळ'. साइटवर वर्दळ आहे, वर्दळ वाढली, अगदी सहज बसतं.

आणि तुमच्या त्या 'आत-बाहेर'ला इंग्रजीत सर्च इंटेंट म्हणतात, त्याला लोक 'हेतू' लिहितात, मला 'रोख' जास्त पटतो. बोलण्याचा रोख असतो तसा शोधाचा रोख. बारक्या शब्दानं रोख बदलतो हे यंत्रालाही कळायला हवं म्हणून गूगलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्चमध्ये बर्ट (वाक्यातल्या शब्दांचा संदर्भ धरून अर्थ लावणारी यंत्रणा) आणलं. तेव्हा त्यांनी दिलेलं उदाहरण ब्राझीलहून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाच्या व्हिसाचं होतं, आधी निकालात अमेरिकेहून ब्राझीलला जाणाऱ्यांची पानं यायची, कारण 'ला' सांगणारा तो छोटा शब्द धरलाच जात नव्हता. मराठीत तर 'ला', 'हून', 'साठी' सगळं शब्दालाच चिकटलेलं, म्हणून आपण लिहिताना विभक्ती गाळून नुसते शब्द ओळीनं मांडू नयेत, नीट वाक्य लिहावं.

प्रतिसाद

एक शब्द माझाही, कीवर्ड स्टफिंगला 'शब्द कोंबणे'. 'पेरणे' म्हणू नका, पेरण्यात अंतर राखलेलं असतं आणि काहीतरी उगवायची आशा असते. पूर्वी पानाच्या आत न दिसणाऱ्या कीवर्ड टॅगमध्ये शब्द कोंबायचे, रँकिंगसाठी, म्हणजे निकालात कोणतं पान वर दाखवायचं ते ठरवायला, आम्ही तो टॅग वापरत नाही असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं, तरी अजून भरणारे भरतात. आणि शेपटातल्या एकेका ओळीवर उथळ पानांचे ढीग पाडणाऱ्या साइट्सना गूगलनं २०११ मध्ये सर्चमध्ये केलेल्या 'पांडा' नावाच्या बदलानं जोराचा दणका दिला, त्यामुळे लेखात हे जरूर लिहा की 'आत' आणि 'बाहेर'ला वेगळं उत्तर होतं म्हणून दोन भाग झाले, 'पडते' आणि 'उतरते' यांना वेगळी पानं करायची नसतात, ते दोन्ही शब्द एकाच पानात ओघानं येऊ द्यायचे.

अजून एक. सर्च कन्सोलच्या यादीत शेपूट पूर्ण दिसत नाही. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळतात, म्हणून आलेखातली क्लिकची बेरीज आणि खालच्या तक्त्यातली बेरीज जुळत नाही. तुम्हाला 'चेन आत पडते' दिसलं म्हणजे ते शेपटाच्या अगदी टोकाचंही नव्हतं.

मूळ प्रश्नकर्ती

हे बेरजेचं आज कळलं, मी आपली दरवेळी माझंच चुकतंय समजून पुन्हा मोजत बसायचे.

ठरवलं मग. आलेख येतो त्या परिच्छेदात 'शेपटातले शोध', बाकी सगळीकडे 'नेमके शोध', शिवाय वर्दळ, रोख आणि कोंबणे. 'नीश' काढून टाकला. लाँग टेल हा शब्द पहिल्यांदा येतो तिथे एकदाच देवनागरीत ठेवते, कारण हे शोधत येणारा माणूस बहुधा तेच टाइप करून येणार.