मदत हवी आहे: सी-केलचं मूळ चिकणमातीत कुजतंय

मंडळी, मी लंडनजवळ राहते. परसात सी-केल लावली आहे. ही कोबीच्याच कुळातली, वर्षानुवर्षं टिकणारी भाजी, मूळची युरोपच्या समुद्रकाठची. इंग्लंडच्या आग्नेयेकडच्या डंजनेसच्या किनाऱ्यावर नुसत्या गोट्यांतून तिचे निळसर-करड्या, मेणचट पानांचे झुबके वर आलेले असतात, आणि आमच्याकडे मात्र चिकट माती, हिवाळाभर ओल!

रोपं मुळाच्या तुकड्यांपासून केलेली, हा दुसरा हिवाळा. डोळे असलेला वरचा भाग तपकिरी, बुळबुळीत झालाय, वासही येतो. पण बोटभर खाली मूळ अजून पांढरं आणि टणक आहे. मुळांवर गाठी नाहीत, म्हणजे क्लबरूट (कोबीवर्गाच्या मुळांना गाठी आणणारा रोग) नसावा. जागा उन्हाची आहे, जमिनीत चुना घातलाय, कुजकी पानं काढून टाकली, भोवती खडी मिसळली. तरी पावसानंतर खड्ड्यात पाणी साचतंच.

बियांचाही प्रयत्न केला. वरचं बुचासारखं कवच सोलूनसुद्धा फार थोड्या रुजल्या. किनाऱ्यावरून झाड उपटून आणा असं कृपया सुचवू नका, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ते इथे बेकायदेशीर आहे आणि मला ते करायचंही नाही.

आता उंच वाफा बांधायचा विचार आहे. मूळ खोल जातं, तर वाफा किती उंच हवा आणि त्यात माती, वाळू, खडी किती-किती घ्यायची? शिवाय कुजका भाग कापून उरलेलं टणक मूळ आत्ताच हलवावं, की मार्चपर्यंत थांबावं?